अमेरिकेत घर मिळेपर्यंत आरव्हीतच (राहण्याची सोय असलेल्या गाडीतच) राहायचं ठरवलंय, मग कायमचा पत्ता कुठला द्यायचा?

साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा यांपैकी एका राज्यातल्या मेल-फॉरवर्डिंग सेवेचा (तुमचं टपाल घेऊन तुम्ही असाल तिथे पाठवणाऱ्या सेवेचा) पत्ता घ्या आणि लायसन्स, गाडीची नोंदणी, विमा सगळं त्याच राज्यात करा. बारमाही आरव्हीत राहणारे बरेच जण हेच करतात, कारण तिन्ही राज्यांत पगारावर राज्याचा आयकर नाही. मात्र घर शोधता शोधता नोकरी कॅलिफोर्नियात करत असाल, तर कागदोपत्री पत्ता कुठलाही असो, तिथल्या कमाईवर कॅलिफोर्निया कर घेणारच. आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल, तर राहण्याचा पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत यूएससीआयएसला (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला) एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरून कळवावं लागतं. सामान हलवण्याच्या गडबडीत नेमकं हेच राहून जातं.