‘ब्लॉसम’ला सरसकट ‘बहर’ म्हणू नका

तुम्ही विचारलंय, ‘ब्लॉसम’ला मराठीत ‘बहरणे’ एवढं पुरतं का? नाही पुरत. कोशातला पहिला शब्द उचलून सगळीकडे चिकटवायची खोड अनुवादकांनी आता सोडावी.

इंग्रजीत ब्लॉसम हा मुख्यतः झाडाचा फुलोरा, त्यातही फळझाडाचा. सफरचंद, चेरी, संत्रं. बागेतल्या गुलाबाला ब्लूम. फुलामागून फळ येणार ही आशा ब्लॉसममध्ये धरलेलीच असते, म्हणून त्याच्या सर्वांत जवळचा आपला शब्द मोहोर. आंब्याच्या एका तुऱ्यात शेकडो फुलं, पण बरीचशी नर. फळ धरतं ते द्विलिंगी फुलाला. त्यात ढगाळ हवा पडली की तुडतुडे (रस शोषणारी कीड) आणि भुरी (बुरशीचा रोग) येतात, मोहोर काळवंडतो. जे धरलं त्यातलंही बरंच वाटाण्याएवढं असताना गळतं. मोहोर म्हणजे आंबा नव्हे, आंब्याची आशा.

‘बहर’ वेगळा. मूळ फारसी ‘बहार’, म्हणजे वसंत. डाळिंबवाल्याला विचारा, तो बहार ‘धरतो’: पाणी तोडून झाडाला ताण देतो (हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी जमिनीत जास्त), पानगळ करतो, छाटणी-खत उरकून हलकं पाणी सोडतो. ताण कमी पडला तर फुलांऐवजी नवी पालवीच फुटते; पहिलंच पाणी भरमसाट दिलं तर कळी गळते. मृग, हस्त, आंबिया हे बहार म्हणजे फुलापासून तोडणीपर्यंतचा अख्खा हंगाम. एकट्या ब्लॉसममध्ये तो मावत नाही.

शिवाय पिकागणिक शब्द आहेत. तुरीला फुलोरा, उसाला तुरा, नारळाला पोय, कांद्याला डेंगळा (फुलाचा दांडा). केळ आणि ज्वारी निसवतात, म्हणजे घड किंवा कणीस बाहेर टाकतात. उसाला तुरा आला की वाढ थांबते, ऊस उभा ठेवला तर पोकळ पडून साखर घटते. डेंगळा आला की कांदा पोसत नाही. इथे ‘बहरला’ लिहिणाऱ्याने शेत पाहिलेलं नाही.

लाक्षणिक अर्थात ब्लॉसमला हळूहळू घडलेला बदल लागतो. लाजरी मुलगी शाळेत ‘खुलली’, धंदा ‘भरभराटीला आला’, मैत्रीतून प्रेम ‘फुललं’. मैफलीला मात्र बहारच येते, कारण तिथे गोष्ट ऐन भरातली असते.

कवितेत कानाला गोड लागेल ते वापरा, तिथे माझा आग्रह नाही. पिकांच्या औषधाच्या माहितीपत्रकात मात्र जपून. टोमॅटोच्या ‘ब्लॉसम एंड रॉट’चं ‘फुलोरा कुजणे’ केलं की शेतकरी फुलांवर बुरशीनाशक मारत बसतो. कुजतं ते फळाचं देठाविरुद्धचं टोक, फळाला कॅल्शियम न पोचल्यामुळे, आणि बहुतेक वेळा मूळ कारण पाण्याच्या अनियमित पाळ्या.