प्रोग्रॅमर बाहेरचा, मशीन आपलं

प्रश्न : नमस्कार सर, भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं जॉबवर्कचं शॉप आहे. दोन व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारी मिलिंग मशीन), एकाला फॅनक कंट्रोल (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) आणि एकाला सिमेन्स, शिवाय एक टर्निंग सेंटर (प्रोग्रॅमवर चालणारं लेथ). प्रोग्रॅमिंग बघणारा मुलगा सहा वर्षं होता, दिवाळीनंतर चाकणला मोठ्या कंपनीत गेला, त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही पण माझी पंचाईत झालीय. हातात ॲल्युमिनियम हाउसिंगची 200 पीसची ऑर्डर आहे, रिपीट येईल असं कस्टमर म्हणतोय. म्हणून कॉन्ट्रॅक्टवर प्रोग्रॅम करून घ्यायचा विचार आहे. तिघांशी बोललो. पहिला म्हणतो प्रोग्रॅमचे 1500 द्या, फाइल मेल करतो. दुसरा 4000 सांगतो पण पहिल्या पीसला स्वतः मशीनवर उभा राहतो म्हणतो. तिसऱ्याला तासावर पैसे पाहिजेत आणि तो घरी बसूनच करणार. मशीनचा तास मी 600 रुपये धरतो. कोणाला द्यावं? आणि मशीन ठोकलं, म्हणजे चालू मशीन जॉबवर किंवा क्लॅम्पवर आपटलं, तर भरपाई कोणी करायची? – एक वाचक, भोसरी

उत्तर : तुम्ही 1500 आणि 4000 मधला फरक बघताय, तो 2500 चा आहे. आता समजा पहिल्याच्या प्रोग्रॅमवर पीस 42 मिनिटांत निघतो आणि दुसऱ्याच्या 31 मिनिटांत. मिनिटं मी उदाहरणाला धरलीत, पण दोन प्रोग्रॅमरमध्ये एवढा फरक पडतो, मी पडलेला बघितलाय. 11 मिनिटं गुणिले 200 म्हणजे 2200 मिनिटं, 36 तास 40 मिनिटं, तुमच्या 600 च्या रेटने 22 हजार रुपये. आणि ऑर्डर रिपीट आली की परत 22 हजार. त्यामुळे प्रोग्रॅमचा रेट विचारायच्या आधी सायकल टाइम, म्हणजे एका पीसला लागणारा वेळ, किती येईल ते विचारा, आणि त्याच्याकडून लिहून घ्या.

हा फरक येतो कुठून? एक जण प्रत्येक टूल चेंजला घाबरून टूल झेड 150 वर, म्हणजे 150 मिलिमीटर उंच उचलतो, प्रत्येक होलला पूर्ण वर येऊन परत खाली जातो, रफिंगला (जास्तीचा माल काढताना) अर्धा अर्धा मिलिमीटर खोली घेत बसतो. दुसरा एंडमिलची (मिलिंगच्या कापणाऱ्या टूलची) पूर्ण लांबी वापरतो, बाजूने कमी खातो आणि फीड (टूल पुढे सरकायचा वेग) वाढवतो, तीन सेटिंगचं (जॉब तीनदा पकडायचं) काम विचार करून दोन सेटिंगमध्ये बसवतो. हे फाइल उघडून समजत नाही, मशीन चालू झालं की कानाला समजतं.

पण उलटा प्रकार पण होतो. समजा प्रोग्रॅमरने कॅटलॉग बघून 10 मिलिमीटरच्या कार्बाइड एंडमिलला मिनिटाला 300 मीटर कटिंग स्पीड धरला, आरपीएम साधारण 9500 आले, त्याने प्रोग्रॅममध्ये एस 9500 टाकलं आणि त्याच हिशोबाने फीड टाकलं. तुमच्या मशीनचा स्पिंडल (टूल फिरवणारा भाग) 6000 आरपीएमचा. आता काही मशीन अलार्म देतात, ते बरं, पण बरीच मशीन गपचूप 6000 वर फिरतात आणि फीड मिनिटाला जेवढं लिहिलंय तेवढंच धावतं, म्हणजे एका दाताला दीडपटीपेक्षा जास्त माल येतो आणि एंडमिल गेली. ऑपरेटर म्हणतो टूल हलकं होतं, प्रोग्रॅमर म्हणतो ऑपरेटरने नीट पकडलं नाही, आणि बिल तुमच्या टेबलावर. म्हणून काम देताना ड्रॉइंग आणि स्टेप फाइलबरोबर (जॉबच्या थ्रीडी मॉडेलबरोबर) एक कागद द्या, त्यावर स्पिंडलचा मॅक्स आरपीएम, टेबलचा प्रवास, टूल मॅगझिनमध्ये किती टूल बसतात, टूल पकडायचे कोणकोणते होल्डर तुमच्याकडे आहेत, जॉब पकडायचा व्हाइस कुठला, कूलंट कसा, हे सगळं. जो प्रोग्रॅमर हा कागद स्वतःहून मागतो त्याला अर्धे मार्क तिथेच द्या. जो म्हणतो काही गरज नाही, मी करतो, त्याला चहा पाजा आणि सोडा.

दोन कंट्रोल आहेत तुमच्याकडे, तो मुद्दा पण महत्त्वाचा. फॅनकवर टूलची लांबी जी 43 आणि एच नंबरने लागते, सिमेन्सवर तसं नाही, तिथे टूल कॉलबरोबर डी नंबर असतो. खोल ड्रिलिंगला फॅनकवर जी 83, सिमेन्सवर सायकल 83, लिहायची पद्धतच वेगळी. सिमेन्स आयएसओ मोडमध्ये (फॅनकसारख्या जी कोडवर) चालवता येतं हे खरं, पण तुमचं मशीन तसं सेट केलंय का ते आधी बघायला लागतं. त्याला विचारा की तुझ्याकडे या दोन्ही मशीनचे पोस्ट प्रोसेसर (त्या त्या मशीनच्या भाषेत कोड काढून देणारं सॉफ्टवेअर) आहेत का आणि आधी कुठे चालवलेत का. एकाच पोस्टमधून काढून हाताने बदलून देतो म्हणणारे भेटतात, दोन-चार ओळी बदलायच्या राहतात आणि नेमक्या त्याच ओळी महागात पडतात.

आता माझा किस्सा सांगतो, म्हणजे सेटअप शीट (जॉब आणि टूल कसे लावायचे तो कागद) का मागायची ते कळेल. बाहेरून करून आणलेला प्रोग्रॅम होता, खोल पॉकेट, 16 ची एंडमिल. प्रोग्रॅमरने त्याच्या कॉम्प्युटरवर टूल होल्डरच्या बाहेर 65 मिलिमीटर धरलं होतं, सिम्युलेशन एकदम स्वच्छ. आमच्या सेटरने (मशीनवर टूल आणि जॉब लावणाऱ्याने) नेहमीप्रमाणे 45 वर पकडलं, कारण जेवढं आखूड तेवढं व्हायब्रेशन कमी हे त्याला आम्हीच शिकवलेलं. शेवटच्या दोन लेव्हलला होल्डर पॉकेटच्या भिंतीला घासायला लागला, आवाज आला तेव्हा मी ऑफिसात भाव करत बसलो होतो. जॉब गेला, होल्डर गेला. प्रोग्रॅम बरोबर, सेटर पण बरोबर, आणि 65 हा आकडा कुठल्याही कागदावर नव्हता. तेव्हापासून माझा नियम असा की सेटअप शीट नाही तर प्रोग्रॅम आलाच नाही असं समजायचं. शीटवर झिरो (जिथून सगळी मापं धरतात तो पॉइंट) कुठला कोपरा, क्लॅम्प कुठे, प्रत्येक टूल, त्याचा होल्डर, बाहेर किती, आणि अंदाजे वेळ. एक पान पुरतं, हाताने काढलेलं पण चालेल, मोबाइलवर फोटो काढून पाठवलं तरी चालेल.

तिसऱ्या माणसाबद्दल. तासावर पैसे देणं वाईट असं नाही, डाय-मोल्डची थ्रीडी सरफेसची कामं असतात तिथे किती तास लागतील हे कोणालाच आधी सांगता येत नाही, तिथे तासच बरा. तुमच्या हाउसिंगला नको. त्याचे तास त्याच्या स्क्रीनवर जाणार, तुम्हाला दिसणार नाहीत आणि रोज संशय येत राहणार.

तर मी दुसऱ्याला दिलं असतं, पण ऑर्डरचं काम लगेच नाही. आधी तुमच्या जुन्या मुलाने केलेला एखादा जॉब द्या, ज्याचा सायकल टाइम तुम्हाला तोंडपाठ आहे. त्याचे पैसे द्या, फुकट ट्रायल मागू नका, चांगला माणूस फुकट करत नाही. त्याचा आकडा जुन्याच्या जवळपास किंवा कमी आला तर मग हाउसिंग. पैसे दोन हप्त्यांत, अर्धे फाइल आणि शीट मिळाल्यावर, अर्धे पहिला पीस तुमच्या इन्स्पेक्शनला ओके झाल्यावर. पहिल्या 20 पीसपर्यंत काही बदल करायला लागला तर तो त्याच पैशात, हे आधीच बोलून ठेवा. आणि त्याला सांगा गुरुवारी येऊ नको, भोसरीची सुट्टी बाहेरच्या माणसाला माहीत नसते, गुरुवारी सकाळी लॅपटॉप घेऊन बंद गेटसमोर उभा असलेला प्रोग्रॅमर मी स्वतः बघितलाय.

मशीन ठोकलं तर? स्पष्ट सांगतो, 4000 रुपयाचं काम घेणारा माणूस तुमच्या स्पिंडलचं लाखातलं बिल भरणार नाही, लिहून दिलं तरी भरणार नाही. व्यवहारात टिकतं ते एवढंच की चूक प्रोग्रॅममध्ये निघाली तर तो प्रोग्रॅम फुकट नीट करून देईल आणि वाया गेलेलं मटेरियल आणि टूल त्याच्या बिलातून कापलं जाईल. मशीनची जबाबदारी तुमची, त्यासाठी मशिनरी ब्रेकडाउनची पॉलिसी मिळते, ती घेताना काय कव्हर आहे ते एजंटच्या तोंडावर न जाता कागदावर वाचा. आणि पहिला पीस चालवायची शिस्त पाळा: आधी झिरो 50 मिलिमीटर वर उचलून हवेत फिरवायचा, मग खाली आणून सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ), रॅपिड (न कापता पळायचा वेग) 25 टक्क्यांवर, बोट फीड होल्डच्या (टूल थांबवायच्या) बटणावर. शिफ्ट संपायला अर्धा तास असताना पहिला पीस लावू नका.

अजून एक, ठोकाठोकीत प्रोग्रॅमरचं नाव येतं पण पुष्कळ वेळा चूक मशीनवर केलेल्या दुरुस्तीत असते. फॅनकवर आकड्याला पॉइंट (दशांश चिन्ह) द्यायचा राहिला की सेटिंगप्रमाणे एक्स 50 म्हणजे 50 मिलिमीटर नाही तर 50 मायक्रॉन होतं, आमच्याकडे एका पोराने असा एक पॉइंट खाल्ला आणि टूल जिथे जायचं तिथे न जाता सरळ क्लॅम्पवर आलं. म्हणून आलेली फाइल जशीच्या तशी कॉम्प्युटरवर वेगळी ठेवा आणि मशीनवर जे बदललं ते तारखेसह वहीत लिहायला लावा, भांडणाच्या वेळी तीच वही कामाला येते.

कागदपत्राचं. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे आणि त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम येतो. नोकरीतल्या माणसाने कामाचा भाग म्हणून केलेलं मालकाचं होतं, कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाचं तसं आपोआप होत नाही, ते लेखी तुमच्या नावावर करून घ्यायला लागतं. आणि मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो, म्हणून कायमचे हक्क असं स्पष्ट लिहा. मशीनवर चालणाऱ्या कोडबरोबर कॅमची (ज्या सॉफ्टवेअरवर प्रोग्रॅम बनवला त्याची) मूळ फाइल पण मागा, नाहीतर उद्या ड्रॉइंगमध्ये एक होल सरकलं तरी परत त्याच्याच दारात. कस्टमरचं ड्रॉइंग कोणाला दाखवायचं नाही ही अट जरूर टाका. मात्र काम संपल्यावर माझ्या स्पर्धकाचं काम करायचं नाही अशी अट टाकून उपयोग नाही, 1872 च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम 27 अशी बंदी मानत नाही.

प्रोग्रॅमरचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर पेमेंट लेखी करार असताना जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यायला लागतं. आपण कस्टमरच्या नावाने बोटं मोडतो तेव्हा हे आठवत नाही. टीडीएस, जीएसटी सीएला विचारा.

आणि पहिल्या पीसला प्रोग्रॅमर येईल तेव्हा तुमचा हुशार सेटर त्याच्या शेजारी उभा करा, फक्त बघायला. पोरगा उत्सुक वाटला तर संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी कोर्सला पाठवा. तो पण पुढे चाकणला जाईल म्हणाल, जाईल कदाचित.

प्रश्न : मी 24 वर्षांचा आहे, कोल्हापूरला शिरोलीत नोकरी करतो, संध्याकाळी बाहेरची प्रोग्रॅमिंगची कामं घेतो. फ्यूजन या कॅम सॉफ्टवेअरचं फुकटचं पर्सनल लायसन्स वापरतो, मोठ्या कामाला मित्राकडचं क्रॅक सॉफ्टवेअर. चालतं का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही चालत. वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय. पर्सनल लायसन्स धंद्यासाठी नाहीच, आणि 2020 नंतर त्यात रॅपिड आणि ऑटो टूल चेंज काढून टाकलंय. म्हणजे तुझं टूल हवेतून जाताना पण फीडनेच जातं, आणि जाणता मालक फाइल उघडून जी 0 (रॅपिडचा कोड) कुठे दिसत नाही म्हटल्यावर दोन मिनिटांत ओळखतो. क्रॅकचं तर बोलूच नको, नोटीस आली तर तुझ्याबरोबर तुझ्या कस्टमरचं पण नाव येतं. महिन्याचं किंवा वर्षाचं भाड्याने सॉफ्टवेअर मिळतं ते घे, त्याचा खर्च रेटमध्ये धर. आणि नोकरीच्या कागदावर बाहेरची कामं करायची नाहीत असं लिहिलंय का ते आधी वाच, कंपनीच्या लॅपटॉपवर तर अजिबात नको. कोटेशनमध्ये पहिल्या पीसला येण्याची वेगळी ओळ टाक, आणि त्यात शिरोली ते गोकुळ शिरगाव गाडीचं पेट्रोल धरायला विसरू नको.