हौदावरचा फेस कोणाचा?

प्रश्न: रावेरजवळ आमची केळीची बाग आहे. पाऊस सुरू झाल्यावर हौदाच्या आतल्या भिंतीला पांढऱ्या फेसाचा मुठीएवढा गोळा चिकटलेला दिसला. आंबोलीच्या दुर्मिळ झाडबेडकाबद्दल वाचले होते. हा तोच का? असल्यास तोरणमाळला नेऊन सोडला तर वाचेल का?

उत्तर: तो नाही, आणि हे फेसावरूनच कळते. आंबोलीचा झुडूपबेडूक (स्यूडोफिलॉटस आंबोली) अंड्यांसाठी फेस करतच नाही. त्याची अंडी पाण्याबाहेर, ओलसर जागी असतात आणि अंड्यातून डिंभ (पाण्यात पोहणारे शेपटीवाले पिल्लू) न निघता थेट इवलेसे बेडूकच बाहेर पडतात. त्यामुळे त्याला तळे नसले तरी चालते; अंड्यांभोवतीची ओल मात्र सतत टिकावी लागते. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पावसाळाभर धुके असते. तोरणमाळ हजार मीटरहून उंच असले तरी तिथे तेवढी ओल नाही. पावसाने चार दिवस उघडीप दिली, की अंडी सुकतील. शिवाय बेडूक इकडून तिकडे नेताना त्यांच्या कातडीवरची कायट्रिड ही बेडकांना मारणारी बुरशीही सोबत जाऊ शकते. म्हणून असे प्रयोग कधीही करू नयेत. २००९ साली शास्त्रीय नाव मिळालेला हा बेडूक आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. झाडोरा तोडला, पाचोळा झाडून नेला, की त्याची जागाच संपते.

तुमच्याकडचा फेस बहुधा साध्या भारतीय झाडबेडकाचा आहे; त्यातच त्याची अंडी असतात. तपकिरी अंग, बोटांच्या टोकांना चकत्या, दिवसा भिंतीला पाय आखडून चिकटलेला, न्हाणीघरातही येतो. तो दुर्मिळ नाही, पण त्याची पिल्ले वाचवणे पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

फेस वरून वाळून कडक होतो, आत मात्र ओला राहतो. तो खरवडू नका, त्यावर पाणीही मारू नका. काही दिवसांत डिंभ सुटून खाली पडतात, तेव्हा खाली पाणी हवेच. याच हौदात ठिबकचा युरिया विरघळवत असाल तर तेवढ्यापुरता वेगळा ड्रम घ्या, कारण युरियातून तयार होणारा अमोनिया डिंभांना मारतो. ब्लीचिंग पावडरही नको. डासांसाठी गप्पी मासे सोडले असतील तर तेही डिंभ खातात.

हौद रिकामा करणे भागच असेल, तर पातळ पत्रा फेसामागून सरकवून गोळा अख्खा सोडवा. सावलीत, पसरट टबभर विहिरीच्या पाण्यावर वीतभर उंच आडव्या फांदीवर ठेवा. नळाचे पाणी असेल तर आधी दोन दिवस उघडे ठेवा. पाण्यात थोडे शेवाळ टाका, तेच डिंभांचे खाणे. पाय फुटू लागले, की काठाला तिरकी काठी लावा. शेपटी आटेपर्यंत साधारण दोन महिने जातात, तोवर पाणी आटू देऊ नका.