बिडाची शेगडी, कलशांची नक्षी

एडिंबऱ्याच्या न्यू टाउनमध्ये आम्ही जुना फ्लॅट घेतला. फायरप्लेसमधल्या बिडाच्या शेगडीवर कलश आणि पानांच्या माळा आहेत. ती वास्तुकार रॉबर्ट ॲडमच्या काळातली असेल का?

असू शकेल, पण नक्षीवरून काळ ठरवू नका. ॲडम १७९२ साली वारला. स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कजवळच्या कॅरन या ओतकामाच्या कारखान्यात (स्थापना १७५९) त्याचा भाऊ जॉन भागीदार होता आणि अशा शेगड्या तिथे ओतल्या जात. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲडमची ही शैली पुन्हा लोकप्रिय झाली आणि तेव्हाच्या शेगड्याही याच कलशांनी सजलेल्या असत.

माळेच्या पानांवरून बोट फिरवून पाहा. लाकडात कोरलेल्या मूळ नमुन्यावरून ओतलेल्या शेगडीवर पानांच्या कडा धारदार लागतात. जुन्या शेगडीचाच साचा घेऊन ओतलेली नक्कल बोथट असते, शिवाय थंड होताना बीड सुमारे एक टक्का आकसते, म्हणून ती किंचित लहानही भरते. मागची बाजूही बघा. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा, डिझाइनची नोंदणी दाखवणारा शिक्का असेल तर ते डिझाइन १८४२ ते १८८३ मधले. फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले, तर निदान ते तरी विसाव्या शतकातले.

शेगडीवर गंज आहे. वाळूचा मारा करून साफ करून घेऊ का?

कृपा करून नको! त्या माऱ्यात नक्षीच्या कडाच झिजतात आणि एकदा गेलेली धार परत येत नाही. बारीक स्टील वूलला थोडे तेल लावून हाताने घासा. वेळ लागेल, लागू द्या. मग कोरडे पुसून ग्राफाइटचे काळे पॉलिश लावा. पण पुढची जाळी चकचकीत पोलादाची असेल, तर तिला काळे अजिबात फासू नका. तो उजळपणा मुद्दाम ठेवलेला असतो.

मागच्या पत्र्याला तडा आहे. शेगडी पेटवावी का?

आधी धुराडे साफ करून तपासून घ्या आणि तुमच्या भागात उघड्या शेगडीत कोणते इंधन चालते ते नगरपालिकेला विचारा. मागचा पत्रा आच सोसून तडकतोच, तो बदलता येतो. पहिली आच मंद ठेवा. तापल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी ओतले तर काय होते, ते आपल्या घरांत ठाऊक आहेच, तेच शेगडीचे. आणि इमारत वारसा यादीत असेल, तर परवानगीशिवाय शेगडी जागची हलवू नका.