चीझमधल्या एन्टेरोकोकस या बॅक्टेरियावर काम सुरू करतोयस तर हे आधी वाच

अरे, पहिल्याच प्लेटवर सेफॅलोस्पोरिन या अँटिबायोटिकच्या डिस्कभोवती झोन (वाढ न झालेलं मोकळं वर्तुळ) दिसला नाही म्हणून घाबरू नकोस, एन्टेरोकोकस जन्मजातच त्याला दाद देत नाही, क्लिंडामायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचंही फीकॅलिस या स्पीशीजमध्ये तसंच, त्यामुळे हे रेझिस्टन्स म्हणून मोजलंस तर तुझे सगळेच आयसोलेट (चीझमधून वेगळे केलेले बॅक्टेरिया) ‘मल्टीड्रग’, म्हणजे अनेक औषधांना दाद न देणारे, निघतील आणि बिचाऱ्या चीझवाल्याचं नाव फुकट खराब होईल. शोधायचा तो बाहेरून आलेला, दुसऱ्या बॅक्टेरियाला देता येणारा जीन, म्हणजे टेट्रासायक्लिनविरुद्धचा टेट-एम, व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकविरुद्धचा व्हॅन-ए असले. गॅलिनॅरम या स्पीशीजमध्ये व्हॅन्कोमायसिनविरुद्धचाच व्हॅन-सी जीन मुळातच असतो, म्हणून आधी स्पीशीज पक्की कर, मग व्हॅन्कोमायसिनबद्दल बोल.

डिस्क लावताना बॅक्टेरियाचं सस्पेन्शन 0.5 मॅकफारलंडचंच (हे गढूळपणाचं माप) हवं, नुसत्या नजरेने ठरवू नकोस. व्हॅन्कोमायसिनला पूर्ण 24 तास दे आणि प्लेट उजेडासमोर धरून बघ, झोनच्या आत धुक्यासारखी पुसट वाढ असली तर ती रेझिस्टन्स म्हणून धरायचीच, घाईत हीच सुटते.

व्हिरुलन्सचं (रोग करायच्या ताकदीचं) तर अजून जपून. पीसीआरमध्ये (जीन आहे का ते शोधायच्या चाचणीत) जेल-ई या जीनचा बँड आला म्हणजे जिलेटिनेज, म्हणजे जिलेटिन तोडणारं एन्झाइम, बनतंयच असं नाही, तो चालू करणारा एफएसआर ऑपेरॉन (एकत्र चालणाऱ्या जीनचा गट) गायब असला की जीन नुसता पडून राहतो, म्हणून जिलेटिनवर वाढवून बघच. आणि हेच बॅक्टेरिया चीझला चव-वासही देतात रे, म्हणून सरसकट ‘धोकादायक’ लिहू नकोस, प्रत्येक स्ट्रेनचं वेगळं लिही.