ॲक्युपंक्चर, मेरिडियन आणि सोलापूरचा ताणा

सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका शिक्षिकाबाईंनी तीन प्रश्न एकदम पाठवले आहेत. त्यांच्या घराजवळ पाटी लागली आहे, 'येथे ॲक्युप्रेशरच्या सुया लावून मिळतील'. तर ॲक्युप्रेशर आणि ॲक्युपंक्चर एकच का? ॲक्युपंक्चरला चांगला मराठी शब्द कोणता: सूचिवेध, सूचिभेदन की बिंदुवेध? आणि हा उपचार आपल्या डॉ. कोटणीसांनी भारतात आणला असं मुलांना सांगतात, ते खरं का?

बाई, पहिल्याचा निकाल लगेच. ॲक्युपंक्चरमध्ये अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचतात; ॲक्युप्रेशरमध्ये बोटांचा दाब असतो, सुई नसतेच. 'ॲक्युप्रेशरच्या सुया' म्हणजे बिनपाण्याची आंघोळ. अर्थात पाटीवाल्याला तरी किती बोलणार, तो शब्दच मुळात धेडगुजरी आहे. 'ॲक्यु' म्हणजे लॅटिनमधली सुई. तिला 'प्रेशर' जोडलं की होतं 'सुईदाब', आणि सुई तर काढून टाकलेली! नातं दाखवायला पहिल्या शब्दाचं मुंडकं तेवढं ठेवलंय. आणि 'ॲक्युरेट जागी पंक्चर म्हणून ॲक्युपंक्चर' असं जे मोबाइलवर फिरतं, ते पुढे ढकलणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. ॲक्युरेटचं कूळच वेगळं. त्याच्या पोटात 'कूरा' म्हणजे काळजी आहे, सुई नाही.

ॲक्युपंक्चर हे नाव घडवलं विलेम टेन राइने या डच वैद्यानं. डच ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला १६७४ साली जपानला धाडलं. नागासाकीच्या बंदरात देजिमा नावाचं टीचभर बेट होतं, तिथे तो दोन वर्षं राहिला. तिथे पाहिलं-ऐकलं ते त्यानं १६८३ मध्ये लंडनला लॅटिनमध्ये छापलं. 'आकुस' म्हणजे सुई आणि 'पुंक्तुरा' म्हणजे टोचणं, यांची गाठ मारली ती तेव्हा. विद्या चिनी, पाहिली जपानात, पाहणारा डच, नाव लॅटिन आणि छापखाना इंग्रजांचा. अशोक चौकातला पंक्चरवाला काढतो ती 'पुंक्तुरा' हीच. जाता जाता एक गंमत: आकुसच्या मुळाशी 'टोकदार' अर्थाचा जो आदिधातू आहे, त्याचाच संस्कृतातला वंशज 'अश्रि', म्हणजे कोपरा, कड. चार अश्रींचं ते चतुरस्र, त्याचं मराठी चौरस. म्हणजे ॲक्युपंक्चरमधला 'ॲक्यु' आणि तुमच्या वर्गातल्या फळ्यावरचा 'चौरस' हे लांबचे भाऊ.

आता मराठी शब्द. सूचिवेध चुकीचा नाही, पण तो फक्त कोशात राहील. दवाखान्यात 'सुई' म्हटलं की आपल्याकडे इंजेक्शन. 'सुई मारली का?' म्हणजे औषध आत गेलं का. आपल्या गावात तर तिन्ही भाषांत हाच घोळ होणार. कानडीत सुईला सूजि, तेलुगूत सूदि, दोन्ही संस्कृत सूचीची लेकरं, आणि तेलुगूत इंजेक्शनला सरळ 'सूदि मंदु', म्हणजे सुईचं औषध. ॲक्युपंक्चरच्या सुईत औषध नाही. ती पोकळच नसते. भरीव, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची, हातात धरली तर वाकेल इतकी लवचिक. ती सरळ आत जावी म्हणून बारीक नळीतून घालायची युक्ती सुगियामा वाइची या सतराव्या शतकातल्या जपानी वैद्याची, आणि तो दृष्टिहीन होता. तेव्हा ॲक्युपंक्चर म्हणा, खुशाल म्हणा. टेबल, डॉक्टर, पंक्चर चालतं तर हे का नको?

सूचिवेधाचा आग्रह धरणाऱ्यांचा खरा हेतू वेगळा असतो, आणि तिथे माझं त्यांच्याशी वाजतं. त्यांना सुचवायचं असतं की ही विद्या सुश्रुताची, बौद्ध भिक्षूंनी ती चीनला नेली. पुरावा? सुश्रुतात सिरावेध आहे, कर्णवेध आहे. पहिल्यात शीर टोचून रक्त काढतात, दुसऱ्यात कान टोचतात. मग म्हणतात, १०७ मर्मं म्हणजेच ॲक्युपंक्चरचे बिंदू. अहो, मर्म ही टोचायची जागा नव्हे! शस्त्र चालवताना जिला धक्का लागता कामा नये ती जागा म्हणजे मर्म. मराठी माणूस 'मर्मावर घाव घातला' म्हणतो तेव्हा त्याला हे बरोबर ठाऊक असतं, विद्वानांनाच विसर पडतो. आणि काळाचं काय करणार? १९७३ साली चीनमध्ये मावांगदुई इथल्या एका थडग्यात वैद्यकाची हस्तलिखितं सापडली. ते थडगं इसवीसनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेलं. बौद्ध धर्म चीनमध्ये पोचला त्यानंतर दोनेकशे वर्षांनी.

त्या हस्तलिखितांत शरीरातल्या अकरा वाहिन्या सांगितल्या आहेत आणि त्यांवरचा उपचारही. सुई मात्र कुठेच नाही. उपचार आहे तो डाग देण्याचा. म्हणूनच चिनीत या विद्येचं नाव नुसतं सुईवर नाही. 'झेनज्यू' म्हणतात. झेन म्हणजे सुई आणि ज्यू म्हणजे वनस्पती जाळून दिलेला शेक किंवा चटका. ती वनस्पती दवण्याच्या कुळातली. तिचं जपानी नाव मोगुसा, त्यावरून युरोपात 'मॉक्सा' झालं. टेन राइनेच्या शब्दात सुई राहिली आणि डाग गळाला, आणि आपण अर्ध्याच नावाचं भाषांतर करायला बसलोय. (आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या पोटावर डाग देतात तो भयंकर प्रकार याच्याशी जोडू नका. तो बंदच झाला पाहिजे.)

पण बाई, खरा शब्द तुम्ही विचारलाच नाहीत. मेरिडियन! शरीरावर डोक्यापासून पायापर्यंत ज्या रेघा काढलेल्या असतात, ज्यांच्यावर ते ३६१ बिंदू बसवलेत, त्यांना इंग्रजीत मेरिडियन म्हणतात आणि मराठी पुस्तकांत 'ऊर्जावाहिनी', 'नाडी', कुठे तर चक्क 'विद्युतरेषा'. मेरिडियन हा शब्द लॅटिनमधल्या मध्यान्हाचा, सूर्य माथ्यावर येतो त्या रेषेचा. तो माणसाच्या पोटरीत कसा उतरला? चीनमध्ये राहून आलेले सूलिए द मोराँ नावाचे फ्रेंच मुत्सद्दी होते, त्यांनी १९३०च्या दशकात तो रुळवला. 'ऊर्जा'ही त्यांचीच देणगी. मूळ शब्द 'ची' म्हणजे वाफ, श्वास, वारा. आपल्या 'प्राणा'च्या जवळचा. पण भौतिकशास्त्रातली ऊर्जा म्हटलं की भारदस्त वाटतं.

मूळ चिनी शब्द आहे जिंग. आणि जिंग म्हणजे, सोलापूरकरांनो, ताणा! मागावर उभे ताणलेले धागे. त्या अक्षराच्या डाव्या अंगाला रेशमाची खूण आहे आणि उजव्या अंगाला मागावर चढवलेल्या धाग्यांची. त्याच्या जोडीचा 'वेइ' म्हणजे बाणा, धोट्याबरोबर आडवा धावतो तो. शरीरातल्या या सगळ्या जाळ्याला जिंगल्वो म्हणतात, आणि 'ल्वो'च्या अक्षरातही तीच रेशमाची खूण, अर्थ जाळं, गुंफण. मूळ शब्दात ना वीज, ना वायर, ना ऊर्जा. आहे ते विणकाम. आणि मावांगदुईची ती हस्तलिखितं कशावर लिहिली होती? रेशमावर!

यावर काही अभ्यासक म्हणतात की वैद्यकात जिंगचा अर्थ 'मुख्य वाट' एवढाच, मागाशी काही संबंध उरलेला नाही. आणि मावांगदुईत तर जिंग शब्दच नाही, 'माय' आहे, म्हणजे नाडी. दुसरे मेरिडियनची बाजू घेतात, कारण आजच्या चिनीत रेखांशालाही जिंगच म्हणतात. मान्य. पण रेखांशाला जिंग का म्हणतात? तो पृथ्वीवर ताण्यासारखा उभा आहे म्हणून. अक्षांशाला म्हणूनच वेइ, म्हणजे बाणा. मेरिडियनवाल्यांनी आपल्या बाजूचा म्हणून आणलेला साक्षीदार माझ्याच बाजूनं बोलतोय. राहिली 'मुख्य वाट'. ज्यानं आपल्या गावच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, कधी मागावर ताणा चढवताना पाहिला असेल त्याला ती वाट दिसेल. आधी ताणा लागतो, घट्ट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड. बाणा मागून येतो, जातो, रंग बदलतो. ताण्यातला एक धागा तुटला की विणकर माग थांबवतो, तो तुटका धागा हुडकतो आणि तिथेच गाठ मारतो. दुखणं एकीकडे आणि सुई भलतीकडेच का टोचतात, हे या शब्दातून जितकं कळतं तितकं 'ऊर्जावाहिनी'तून सात जन्मांत कळणार नाही.

आणि इथून पुढे तर मला झोप येईनाशी होते. जिंगचा दुसरा अर्थ 'ग्रंथ'. या विद्येचा जुना आधारग्रंथ 'हुआंगदी नेइजिंग', त्यातलं जिंग हेच. ताणा आणि ग्रंथ एकाच शब्दात! आता संस्कृताकडे बघा. तंत्र म्हणजे मूळचा माग, मागावरचा ताणा; तन् धातू, ताणणे. आणि तंत्र म्हणजे ग्रंथही, त्यातून वैद्यकाचाही. चरकसंहितेच्या मुळाशी आहे ते अग्निवेशतंत्रच. सूत्राचंही तेच, धागा आणि वचन. चिनी भिक्षूंनी बौद्ध सूत्रांचं भाषांतर करताना सूत्राला शब्द वापरला तो जिंग. हिमालयाच्या दोन्ही बाजूंना माणसाला ज्ञान म्हटलं की माग आठवला. त्याच तन् धातूचा मराठी ताणा, ताण, तंतू, तांत. लॅटिनकडच्या चुलत घराण्यात टेंडन आणि टेन्शन. 'टेन्शन घेऊ नको' म्हणणारा माणूस नकळत विणकामाच्याच घरातला शब्द वापरतो. तेव्हा माझा ठराव: मेरिडियनला मराठीत ताणा म्हणा. 'पोटाचा ताणा', 'मूत्राशयाचा ताणा'. कानाला दोन दिवस खटकेल, मग बसेल.

उपयोगांबद्दल बाईंनी विचारलेलं नाही, पण पाटीवर मधुमेह, लकवा आणि मुलांची उंची असं सगळं लिहिलेलं असणार याची मला खात्री आहे, म्हणून थोडं. मराठीत 'बरा झाला', 'गुण आला' आणि 'आराम पडला' ही तीन वेगळी वाक्यं आहेत. ॲक्युपंक्चरचा पुरावा तिसऱ्या वाक्याचा आहे, तोही काही दुखण्यांपुरता: जुनी कंबरदुखी, गुडघा, अर्धशिशी, शस्त्रक्रियेनंतरची मळमळ. मळमळीचा बिंदू मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या, म्हणजे मूठ वळली की उठून दिसणाऱ्या दोऱ्यांच्या, मधे. नाव नेइग्वान, म्हणजे आतला दरवाजा. सुई बसली की टोचल्यासारखं नाही, जड वाटतं, मुंग्या येतात, ठणकतं.

जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर मोठा प्रयोग झाला, निष्कर्ष २००७ मध्ये आले. खरं ॲक्युपंक्चर घेतलेल्यांत शंभरातल्या ४८ जणांना फरक पडला, नेहमीचे उपचार घेतलेल्यांत २७. छान? पण तिसऱ्या गटाला भलत्याच जागी, वरवर, लुटुपुटूच्या सुया लावल्या होत्या. त्यांच्यातले ४४. म्हणजे सुईचा उपयोग दिसतो, बरोबर जागेचा फारसा नाही. कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१६ मध्ये कंबरदुखीला ॲक्युपंक्चर देऊ नका म्हटलं आणि २०२१ मध्ये कारण न सापडणाऱ्या जुन्या वेदनेला देऊन पाहा म्हटलं. माझ्या ताण्याच्या सिद्धांताला त्या ४४चा त्रास होतो हे खरं. पण मी शब्दाबद्दल बोलतोय, शरीरात धागे असल्याचा दावा करत नाही. सुया नव्या, पाकीटबंद असाव्यात. छातीवर खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं, तेव्हा टोचणारा शिकलेला हवा.

आणि १९७१ची ती दंतकथा. अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांचं पेकिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन 'फक्त सुयांवर' झालं असं अजून लिहितात. साफ खोटं. ऑपरेशनला नेहमीचंच भुलीचं इंजेक्शन होतं. नंतर पोट फुगून दुखायला लागलं तेव्हा उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया लावल्या, आणि पोटाजवळ जळती वनस्पती धरली. झेन आणि ज्यू, दोन्ही.

कोटणीसांचं उत्तर: नाही. ते १९१०चे, सोलापूरचे. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, वर्ग घेऊन जा. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. ते शल्यविशारद होते. त्यांच्या हातात सुई होती ती जखमी सैनिकांना टाके घालायची. ९ डिसेंबर १९४२ला ते तिथेच वारले, परत आलेच नाहीत, मग आणणार काय? त्या पथकातले दुसरे एक डॉक्टर, बिजयकुमार बसू, १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कोलकात्यात सुरू केलं. पुढे कोटणीसांच्या नावानं समित्या निघाल्या, ॲक्युपंक्चरचे दवाखाने निघाले, आणि नावाबरोबर श्रेयही सरकलं. मुलांना बसूंचं नाव सांगा.

बाई, तुमच्या पेठेत माग चालवणारी पद्मशाली घरं असतील. तेलुगूत ताण्याला पडुगु आणि बाण्याला पेका, कानडीत हासु आणि होक्कु, हे मला माहीत आहे. सोलापुरी बोलीत त्यांची काही वेगळी रूपं झाली असतील तर विचारून कळवा.