तार, सांधा अन् वात : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पत्रं बरीच आली, त्यातली तीन तापणाऱ्या तारेचीच निघाली. एक वेपचं म्हणजे विजेवरच्या सिगारेटचं, एक शेगडीचं अन् एक अंडी उबवायच्या पेटीचं. तिन्हीचं गणित एकच आहे म्हणून सोबतच घेतो. पंपाच्या वाइंडिंगची पत्रं पुढच्या अंकात घेईन, विसरलो नाही.

प्रश्न : मिस्त्रीभाऊ, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला, वय २६, शेती करतो. आठ-नऊ वर्षांपासून खर्रा लागलाय, दिवसाला पाच-सहा पुड्या होतात. पुण्याहून आलेल्या मित्रानं एक छोटं वेप दिलं, त्याच्यात कॉइल आपणच गुंडाळून बसवायची असते, दोन खांब अन् दोन स्क्रू आहेत. म्हणे याच्यानं खर्रा सुटते. त्याची कॉइल जळाली तं मी जुन्या दोन हजार वॅटच्या शेगडीची तार घेतली, तीन मिलिमीटरच्या खिळ्यावर चार वेढे मारले अन् मधात घरचाच कापूस घातला. सेल जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला आहे. दोन दम मारले की घसा जळते, कापूस काळा पडते अन् सेल हातात धरवत नाही इतका तापते. वेढे वाढवू का कमी करू?

भाऊ, आधी तो सेल बाहेर काढा, स्टीलच्या डब्यात नका टाकू, प्लॅस्टिकच्या डबीत एकटा ठेवा, मंग पुढचं वाचा.

तुमच्या मापानं हिशोब करून पाहिला. शेगडीची तार नायक्रोमची म्हणजे निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर धरू, तिचा एका मीटरला रोध येते साडेपाच ओम. तीन मिलिमीटरच्या खिळ्यावर एका वेढ्याला ११ मिलिमीटर तार जाते, चार वेढ्यांना ४४, अन् स्क्रूपर्यंतचे दोन पाय धरून झाली साडेपाच सेंटिमीटर. म्हणजे रोध किती, तर ०.३ ओम. भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्टचा असते, भागाकार केला की १४ अँपिअर येतात. लॅपटॉपच्या पॅकमधले सेल चार-पाच अँपिअरच्या हिशोबानं बनवलेले असतात कारण त्यांना तासन्‌तास हळूहळू वीज द्यायची असते. तुम्ही बैलगाडीच्या बैलाला ट्रॅक्टरचा नांगर लावला. सेल तापला हे तुमचं नशीब, कारण तापला म्हणून तुमच्या ध्यानात तरी आलं, असे सेल जास्त ओढले की आतून वाफ धरतात अन् फुटतात, अन् तो फुटला असता तेव्हा तोंडापासून वीतभर अंतरावर होता.

हे मीटरवर का दिसलं नाही असं विचाराल तर साधा मल्टीमीटर इतका बारीक रोध मोजायला लबाड पडते. त्याच्या दोन्ही पिना एकमेकीला लावून पाहा, तिथंच ०.२ नाहीतर ०.३ ओम दिसतील, तो त्याच्या वायरींचाच रोध आहे. तो आधी लिहून ठेवायचा अन् मोजलेल्यातून वजा करायचा. माझ्या दुकानात शिकायला येणाऱ्या पोट्ट्यांना पहिले आठ दिवस मी हेच करायला लावतो.

आता त्या यंत्रात मुळात काय लावलेलं असते तेही सांगतो म्हणजे फरक कळंल. तिथं बहुतेक कंथालची बारीक तार असते, ०.३२ मिलिमीटर म्हणजे शिवणाच्या जाड दोऱ्याएवढी. कंथाल म्हणजे लोखंड, क्रोमियम अन् ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू, स्वीडनमध्ये हान्स फॉन कान्त्सोव यांनी काढलेला. अडीच मिलिमीटरच्या दांडीवर तिचे सात वेढे मारले की पायासकट रोध १.३ ओमच्या आसपास येते, करंट सव्वातीन अँपिअर, ताकद १३-१४ वॅट. तुमची कॉइल कागदावर ५८ वॅटची झाली. म्हणून वेढे वाढवू का कमी करू हा प्रश्नच इथं लागू नाही, तारच त्या कामाची नव्हती.

कापूस काळा का पडला त्याची दोन कारणं. एक तर इतकी ताकद की वेपमधला रस वातीतून वर चढायच्या आत होता तितका उडून जाते अन् कोरडा कापूस लाल तारेला चिकटून राहते. ओली वात असेपर्यंत तारेची उष्णता रस उडवण्यात खर्च होते, वात कोरडी झाली की ती अडवणारं काहीच राहत नाही. अन् दुसरं कारण आपल्या घरातलंच आहे. आपल्या यवतमाळात कापूस पिकते पण बोंडातून काढलेला कापूस पाणी पीत नाही, त्याच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असते. करून पाहा, एका ग्लासात पाणी घ्या, घरच्या कापसाचा बोळा टाका अन् मेडिकलमधल्या पांढऱ्या कापसाचा टाका. मेडिकलवाला दोन-तीन सेकंदात तळाला जाईल, घरचा तसाच वर तरंगत राहील, बोटानं दाबला तरी परत वर येईल. मेडिकलचा कापूस सोड्यात उकळून त्याचं मेण काढलेलं असते. दिव्याच्या वातीला घरचा कापूस चालते कारण तेलाला मेणाचं वावडं नाही. तुमच्या यंत्रातला रस ग्लिसरीन अन् ग्लायकॉलचा, त्याचं वागणं पाण्यासारखं, तो मेणावरून घसरते. घसा जळायचं कारण पण यातच आहे, ग्लिसरीन प्रमाणाबाहेर तापलं की त्यातून अ‍ॅक्रोलिन नावाचा झोंबणारा वायू निघते, कढईतलं तेल जळल्यावर डोळ्याला झोंबते तोच.

इतकं सगळं सांगितलं कारण तार कशी वागते हे कळलंच पाहिजे. पण ती कॉइल मी गुंडाळून देणार नाही अन् तुम्हीही गुंडाळू नका. आपल्या देशात २०१९ पासून इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर बंदी आहे, सप्टेंबरात अध्यादेश निघाला अन् डिसेंबरात कायदा झाला. बनवणं, विकणं, बाहेरून आणणं, साठा करणं, जाहिरात करणं सगळं त्यात आलं, रसात निकोटीन असो का नसो, अन् सुटे भाग जोडणंसुद्धा बनवण्यात धरलंय. साठा सोडून बाकीच्यासाठी पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड नाहीतर दोन्ही, दुसऱ्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद अन् पाच लाखापर्यंत दंड. शेगडीच्या तारेपायी पोलीस स्टेशनची पायरी कशाला चढता.

अन् भाऊ, खर्ऱ्याचं बोलतो, कारण तुमच्या पत्रात खरा प्रश्न तोच आहे. खर्ऱ्यात तंबाखू अन् चुना तं आहेच पण निम्म्यावर सुपारी असते. वेपमध्ये फार तं निकोटीन मिळंल, सुपारीची सवय तशीच राहील अन् तोंड बिघडवते ती सुपारी. माझ्या मोठ्या भावाचं तोंड आता दीड बोट उघडते. पोळी कुस्करून दुधात भिजवून खाते, वर्षश्राद्धाच्या पंगतीत सगळे उठून गेले तरी तो एकटा बसलेला असते, तिखटाचा कण लागला तरी डोळ्यातून पाणी येते. तुम्ही आज आरशासमोर उभे राहा, तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहा. जात नसतील किंवा गालाच्या आत पांढरं, टणक लागत असेल तर यवतमाळला सरकारी दवाखान्यात दाताच्या डॉक्टरला दाखवा, उद्यावर टाकू नका. सोडायला मदत पाहिजे असंल तं १८००-११२-३५६ हा सरकारी क्विटलाइनचा नंबर आहे, फुकट लागते. निकोटीनचं च्युइंगम मेडिकलमध्ये मिळते पण किती घ्यायचं ते डॉक्टरला विचारूनच. नववर्षापासून, दसऱ्यापासून असं ठरवू नका, आजच्या सहा पुड्यांची उद्या चार करा अन् मला पुढच्या महिन्यात कळवा, मी वाट पाहीन.

प्रश्न : आमच्या शेगडीची कॉइल दर महिना-दीड महिन्यानं तुटते, तेही स्क्रूपाशीच. मी ओढून परत स्क्रूत अडकवते. आता ती पहिलेपेक्षा लाल होते अन् स्विचचं प्लॅस्टिक गरम लागते. मुलाचे बाबा म्हणतात लाइनच खराब आहे. — एक ताई, मूल, जि. चंद्रपूर

ताई, लाइनचा यात दोष नाही, उलट लाइन कमी असली तर कॉइल कमी तापते. रात्री पंप सुरू झाले की गावात १८० व्होल्ट येतात, तेव्हा हजार वॅटची शेगडी ६०० वॅटच्या आसपासच काम करते, म्हणूनच तेव्हा भात शिजत नाही.

तुटते ती स्क्रूपाशी, म्हणजे दोष सांध्यात आहे. सैल सांध्यात तार अन् पितळ एका बारीक ठिपक्यातच टेकतात, सगळा करंट त्या ठिपक्यातून जाते, तो ठिपका तापते, त्याच्यावर काळी पापडी धरते, पापडीनं रोध आणखी वाढते अन् असं करत करत तार तिथंच तुटते. तुम्ही दर वेळी ओढून अडकवता तेव्हा कॉइल थोडी थोडी कमी होत जाते. हजार वॅटची कॉइल २३० व्होल्टला ५३ ओमची असते, तिचा दहावा भाग जरी गेला तरी रोध ४८ च्या खाली येते अन् ताकद अकराशे वॅटवर जाते. तार कमी अन् ताकद जास्त, म्हणून जास्त लाल.

नवी कॉइल आणा, जुनीला आता जोडू नका. बसवताना एक सुतळी घ्या, चिनी मातीच्या खाचेत या टोकापासून त्या टोकापर्यंत बसवा, बाहेर काढून सरळ मोजा, कॉइल बरोबर तितकीच ओढा. दोन्ही टोकं धरून हळूहळू ओढायची, झटका द्यायचा नाही. वेढे कुठं गर्दीत अन् कुठं विरळ राहिले की गर्दीतला भाग आधी लाल होते अन् आधी तुटते. स्क्रूपाशी तार दुहेरी पिळून घ्या, पितळी वॉशर खाली-वर टाका, पहिल्यांदा तापवून थंड झाली की प्लग काढून स्क्रू पुन्हा एकदा आवळा, कारण तापल्यावर तो हमखास सैल होते. बसवताना पण प्लग काढलेलाच पाहिजे, स्विच बंद आहे यावर विश्वास ठेवू नका, गावाकडं अर्ध्या घरात स्विच न्यूट्रलवर लावलेला असते, मंग स्विच बंद असूनही कॉइलमध्ये करंट उभा असते. वायरमनकडून टेस्टर लावून हे तपासून घ्या, अन् उघड्या कॉइलच्या शेगडीवर दूध उतू गेलं तर स्टीलच्या चमच्यानं खरवडायला जाऊ नका. हे मी कळकळीनं सांगतो, आमच्या शेजारच्या गावात असाच हात चिकटला होता, बाई वाचली पण बोटं वाकडी राहिली.

प्रश्न : देशी कोंबड्यांची अंडी उबवायला थर्माकोलची पेटी केलीय, ४० अंडी बसतात. बल्ब लावले तं फुटतात, अन् लाइन जाते तेव्हा सगळं थंड पडते. बारा व्होल्टच्या बॅटरीवर कॉइल करता येईल का? — कुरखेडा, जि. गडचिरोली

येते, अन् यासाठी मी हौसेनं सांगतो. पेटीला ४० वॅट पुरतात. बारा व्होल्टवर ४० वॅट म्हणजे ३.६ ओम, करंट ३.३ अँपिअर. आता हेच ३.६ ओम तुम्ही बारीक तारेनंही करू शकता अन् जाड तारेनंही, इथंच लोक चुकतात. २६ गेजची म्हणजे बारीक नायक्रोम घेतली तर ५५ सेंटिमीटरमध्येच ३.६ ओम होतात, पण इतक्या थोड्या अंगातून ४० वॅट बाहेर पडायचे म्हणजे ती लाल होणार, थर्माकोल वितळणार अन् पेट घ्यायला वेळ लागणार नाही. २२ गेजची म्हणजे जाड घेतली तर एक मीटर ३२ सेंटिमीटर लागते, ताकद तितकीच पण अंग जवळपास चौपट, त्यामुळं ती लाल होत नाही, नुसती गरम राहते. वरच्या भाऊच्या वेपमधली तार बोटभर अन् बारीक असते तीही याच कारणानं, तिथं थोड्या अंगातून झटक्यानं उष्णता पाहिजे असते. आपल्याला आईच्या पोटाखालची ऊब पाहिजे.

ती तार पाटीच्या लाकडी चौकटीवर चिनी मातीच्या मण्यांवरून फिरवा, थर्माकोलपासून चार बोटं दूर, मधात पत्र्याची आडभिंत अन् एक जुना कॉम्प्युटरचा पंखा हवा फिरवायला. तापमान सांभाळायला डब्ल्यू १२०९ नावाचं छोटं थर्मोस्टॅट येते, पंखा असेल तर ३७.५ अंशांवर लावा. बॅटरीपाशी पाच अँपिअरचा फ्यूज टाकायचाच. चाळीस अँपिअर-तासाची बॅटरी असेल तर अर्धीच वापरायची असं धरूनही कॉइल सलग सहा तास चालते, अन् थर्मोस्टॅट मधूनमधून बंद करते त्यामुळं रात्र निघून जाते.

एकवीस दिवस लागतात हे तुम्हाला माहीतच आहे, अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून तीन वेळा फिरवा, नंतर हात लावू नका अन् पाण्याची वाटी मोठी ठेवा, शेवटच्या तीन दिवसांत दमटपणा कमी पडला की पिल्लू कवचालाच चिकटते. अंडी ठेवायच्या आधी दोन दिवस पेटी रिकामी चालवा, रिकामी म्हणजे अगदी रिकामी नाही, पाण्यानं भरलेल्या दहा-बारा छोट्या बाटल्या आत ठेवा, पाणी उष्णता धरून ठेवते. पहाटे चार वाजता उठून एकदा तापमान पाहा, गडचिरोलीच्या थंडीत तेव्हाच कळते पेटी टिकते का नाही. अन् एखादी कोंबडी खुडूक बसलेली असेल तर पाच-सहा अंडी तिच्याखालीही ठेवा, म्हणजे पेटीतली अन् तिच्याखालची मिळवून पाहता येतील.